नागरिकत्वाआधीचे नागरिक : दलीपसिंग सौंद यांची अमेरिकी कारकीर्द

अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात आणि तिच्या दोन सभागृहांपैकी थेट लोकसंख्येच्या प्रमाणात निवडल्या जाणाऱ्या सभागृहाला हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्ज, म्हणजे प्रतिनिधिगृह, असे नाव आहे. या प्रतिनिधिगृहात मताधिकारासह निवडून आलेले पहिले आशियाई वंशाचे सदस्य म्हणून दलीपसिंग सौंद यांची नोंद इतिहासात झाली आहे. १९५७ ते १९६३ या सहा वर्षांत त्यांनी कॅलिफोर्निया राज्यातील एका विस्तीर्ण मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. त्यांच्याविषयीच्या लेखनात बहुधा याच सहा वर्षांवर प्रकाश पडतो, परंतु त्या कारकिर्दीचा खरा पाया त्याआधीच्या जवळपास तीस वर्षांत घातला गेला होता, ज्या काळात सौंद अमेरिकेत राहत होते, शेती करत होते, संसार करत होते, व्याख्याने देत होते आणि तरीही कायद्याने त्यांना त्या देशाचे नागरिक होण्याची मुभा नव्हती. ज्याला मत देता येत नाही, जमीन नावावर करता येत नाही, अशा माणसाने सार्वजनिक जीवनाची सगळी कामे आधी अंगावर घेतली आणि हक्क मागाहून मिळवले, हा क्रम त्यांच्या चरित्राला वेगळे महत्त्व देतो.

पंजाब ते बर्कली

सौंद यांचा जन्म २० सप्टेंबर १८९९ रोजी अमृतसर जिल्ह्यातील छज्जलवड्डी या गावी एका शीख कुटुंबात झाला. वडील सरकारी बांधकामाची कंत्राटे घेत असत आणि घरात औपचारिक शिक्षण नसतानाही मुलांना शिकवण्याचा आग्रह होता. वडील लवकर वारले, तरी शिक्षण खंडित झाले नाही. जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात शिकून त्यांनी १९१९ मध्ये पंजाब विद्यापीठाची गणितातील पदवी घेतली. जालियनवाला बागेच्या हत्याकांडाचे ते वर्ष होते. अमृतसरच्या परिसरातील या तरुणावर गांधीजींच्या विचारांचा प्रभाव होता आणि त्याच सुमारास अब्राहम लिंकन आणि वुड्रो विल्सन या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची भाषणेही त्याच्या वाचनात आली होती.

१९२० मध्ये सौंद अमेरिकेला पोहोचले. फळे टिकवण्याचे आणि डबाबंद करण्याचे शास्त्र शिकून मायदेशी परतावे आणि तेथे तसा उद्योग उभारावा, असा त्यांचा मूळ बेत होता. त्यासाठी त्यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश घेतला, पण गणिताची ओढ प्रबळ ठरली आणि १९२२ मध्ये एम. ए. आणि १९२४ मध्ये पीएच. डी. या गणितातील पदव्या त्यांनी मिळवल्या. राहण्याची सोय शीख समाजाने विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या वसतिगृहात होती, तर सुटीच्या काळात फळे डबाबंद करण्याच्या कारखान्यांत काम करून खर्च भागत असे. अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांच्या हिंदुस्तान असोसिएशनचे ते अध्यक्ष झाले आणि भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडण्याची त्यांची सवय याच काळात पक्की झाली.

पॅसिफिक किनाऱ्यावरील भारतीयांचे वातावरण तेव्हा साधे राहिलेले नव्हते. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोत मुख्यालय असलेल्या गदर चळवळीने सशस्त्र उठावाचा प्रयत्न केला होता आणि तिच्याशी संबंधित असलेल्यांवर १९१७-१८ मध्ये त्याच शहरात खटला चालला होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हेही या चळवळीतील एक प्रमुख कार्यकर्ते होते आणि पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी नाव मिळवले. सौंद पॅसिफिक किनाऱ्यावर पोहोचले तेव्हा भारतीयांकडे संशयाने पाहिले जात होते. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून मजूर म्हणून येणाऱ्यांना देशाची दारे बंद झाली होती. सौंद यांच्यासारख्या विद्यार्थ्यांना मात्र त्या कायद्यात अपवाद होता.

१९२३ चा निकाल आणि त्याचे परिणाम

सौंद बर्कलीत संशोधन करत असतानाच १९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला. परदेशात जन्मलेल्या माणसाला नागरिक करून घेण्याचा अमेरिकी कायदा १७९० मध्ये फक्त ‘गोऱ्या मुक्त व्यक्तीं’साठी केलेला होता आणि १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या थिंड यांच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की तत्कालीन वंशशास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय माणूस कॉकेशियन गटात, म्हणून गोऱ्यांत मोडतो. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिलेल्या एकमताच्या निकालाने तो नाकारला आणि कायद्यातील गोरेपणाचा अर्थ शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणावरून न ठरवता सामान्य माणसाच्या समजुतीवरून ठरवावा, असे सांगितले.

या निकालाने नव्या अर्जांची वाट बंद झाली आणि आधी मिळालेली नागरिकत्वेही काढून घेण्याची मोहीम सरकारने सुरू केली. सॅन फ्रान्सिस्कोत व्यापार करणारे वैष्णोदास बगाई यांनी नागरिकत्व आणि त्यासोबत मालमत्तेचे हक्क गमावल्यानंतर १९२८ मध्ये आत्महत्या केली. थिंड यांची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही अशीच कारवाई झाली. १९१४ मध्ये मिळालेल्या नागरिकत्वावर विसंबून आपण वकिलीचा व्यवसाय आणि संसार उभा केला, तेव्हा सरकारला आता माघार घेता येणार नाही, या मुद्द्यावर ते लढले आणि अपील न्यायालयात जिंकले. परंतु पंडित यांचा विजय त्यांच्यापुरता राहिला. ज्यांना नागरिकत्व मिळालेलेच नव्हते, त्यांना त्या तर्काचा उपयोग नव्हता आणि सौंद त्यांच्यापैकी होते.

या बाबतीत मुंबईच्या दादाभाई नौरोजींचे उदाहरण मराठी वाचकाला सहज आठवेल. दादाभाई १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ब्रिटिश संसदेवर निवडून गेले. साम्राज्याचे प्रजाजन असल्यामुळे उभे राहण्याचा कायदेशीर हक्क त्यांना होता आणि अडचण होती ती मतदारांच्या पूर्वग्रहाची. सौंद यांच्यापुढे दोन्ही अडथळे होते आणि त्यातला पहिला, कायद्याचा, मतदारांपर्यंत पोहोचूच देत नव्हता. समतेच्या घोषणेवर उभ्या राहिलेल्या प्रजासत्ताकाने वसाहतवादी साम्राज्यापेक्षाही अरुंद दार ठेवले होते, हे त्या काळाचे कटू वास्तव होते.

इम्पीरियल व्हॅलीतील शेतकरी

गणितातील सर्वोच्च पदवी हाती असूनही भारतीयाला अध्यापनाची नोकरी मिळणे दुरापास्त होते, म्हणून १९२५ मध्ये सौंद दक्षिण कॅलिफोर्नियातील इम्पीरियल व्हॅलीत गेले. मेक्सिकोच्या सीमेलगतचा हा प्रदेश मुळात वाळवंटी आणि बराचसा समुद्रसपाटीच्याही खाली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्यांनी आणल्यावर तेथे कापूस, भाजीपाला आणि चाऱ्याची शेती वाढली. पंजाबातील कालव्याच्या शेतीचा अनुभव असलेले अनेक शीख शेतकरी आणि मजूर तेथे स्थिरावले होते. भारतातून बायकांना आणणे कायद्याने अशक्य झाल्यामुळे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले आणि त्या खोऱ्यात पंजाबी-मेक्सिकन कुटुंबांची एक आगळी पिढी वाढली.

सौंद यांनी सुरुवात कापूस वेचणाऱ्या मजुरांच्या टोळीचे मुकादम म्हणून केली आणि पुढे स्वतः शेती धरली. पण कॅलिफोर्नियाच्या परकीय जमीन कायद्याने, जो १९१३ मध्ये संमत झाला आणि १९२० मध्ये अधिक कडक झाला, नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परकीयांना शेतजमीन विकत घेण्यास आणि पुढे खंडाने घेण्यासही मनाई केली होती. १९२३ च्या निकालानंतर भारतीय या व्याख्येत आपोआप बसले. परिणामी जमिनीचे व्यवहार गोऱ्या परिचितांच्या नावाने, तोंडी शब्दावर आणि परस्पर विश्वासावर चालत. त्यात पिकाचा धोका शेतकऱ्याचा आणि कागद दुसऱ्याचा, अशी स्थिती असे.

१९२८ मध्ये सौंद यांनी चेक वंशाच्या कुटुंबातील मेरियन कोसा या तरुणीशी विवाह केला. १९२२ च्या केबल कायद्याप्रमाणे नागरिक होण्यास अपात्र असलेल्या परकीयाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचे स्वतःचे नागरिकत्वही जात असे. ही तरतूद १९३१ मध्ये रद्द झाली, तोवर अशा विवाहाची किंमत पत्नीलाही मोजावी लागे. या दांपत्याला एक मुलगा आणि दोन मुली झाल्या आणि मेरियन पुढे पतीच्या प्रत्येक निवडणुकीत प्रचाराची धुरा वाहत राहिल्या. महामंदीच्या वर्षांत शेतमालाचे भाव कोसळले आणि सौंद कर्जात बुडाले, पण दिवाळखोरी जाहीर करून मोकळे होण्याचा कायदेशीर मार्ग त्यांनी पत्करला नाही आणि वर्षानुवर्षे कर्ज फेडत राहिले. या वर्तनाची पत खोऱ्यातील व्यापाऱ्यांत आणि शेतकऱ्यांत टिकून राहिली.

याच काळात त्यांचे दुसरे काम अखंड चालू होते. कॅथरिन मेयो या अमेरिकी लेखिकेच्या १९२७ च्या ‘मदर इंडिया’ने भारतीय समाज स्वराज्यास नालायक असल्याचे चित्र रंगवले होते. त्याला उत्तर म्हणून स्टॉकटनच्या गुरुद्वाराच्या आग्रहावरून सौंद यांनी लिहिलेले ‘माय मदर इंडिया’ १९३० मध्ये प्रकाशित झाले. चर्च, क्लब आणि सार्वजनिक सभांतून ते भारताविषयी बोलत राहिले आणि त्या व्याख्यानांमुळे अमेरिकी श्रोत्यांशी संवाद साधण्याची कला त्यांच्या अंगी मुरली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेतकरी आणि श्रमिक हिताच्या धोरणांकडे ते ओढले गेले. मतदान करता येत नसतानाही त्यांनी पक्षीय राजकारणाचा अभ्यास एखाद्या अनुभवी कार्यकर्त्याच्या बारकाईने केला.

१९४६ चा कायदा

दुसऱ्या महायुद्धाने परिस्थिती बदलली. १९४३ मध्ये मित्रराष्ट्र असलेल्या चीनच्या नागरिकांवरील प्रवेशबंदी उठवली गेली आणि भारतीयांच्या मागणीला त्यामुळे आधार मिळाला. १९४० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत भारतीय वंशाचे लोक अडीच हजारांच्या आतच होते, म्हणजे मतपेटीच्या बळावर दबाव आणण्याची शक्यता नव्हती. न्यूयॉर्कचे व्यापारी जे. जे. सिंग यांच्या इंडिया लीगने पूर्वेकडे काँग्रेस सदस्यांना आणि वृत्तपत्रांना सतत गाठले. पश्चिमेकडे सौंद यांनी १९४२ मध्ये इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका उभारण्यात पुढाकार घेतला, तिचे अध्यक्षपद स्वीकारले आणि नागरिकत्वाच्या हक्कासाठी कॅलिफोर्नियातील भारतीय शेतकऱ्यांना संघटित केले.

रिपब्लिकन पक्षाच्या क्लेअर बूथ लूस आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे इमॅन्युएल सेलर या दोन सदस्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी २ जुलै १९४६ रोजी स्वाक्षरी केली. या लूस-सेलर कायद्याने भारतीयांना आणि फिलिपिनो लोकांना नागरिक होण्याचा हक्क दिला, पण भारतातून नव्याने येणाऱ्यांची मर्यादा वर्षाला केवळ १०० ठेवली. सुधारणा अपुरी होती हे उघड आहे. तरीही पात्रतेचा वांशिक अडथळा भारतीयांपुरता दूर झाला आणि जमीन कायद्याचा फासही त्यांच्याभोवती राहिला नाही, कारण तो कायदा नागरिकत्वाच्या अपात्रतेवरच बेतलेला होता. १६ डिसेंबर १९४९ रोजी, अमेरिकेत पाऊल ठेवल्यानंतर २९ वर्षांनी, सौंद अमेरिकेचे नागरिक झाले.

न्यायाधीश ते काँग्रेस सदस्य

एका वर्षाच्या आतच त्यांनी पहिली निवडणूक लढवली. वेस्टमोरलँड या छोट्या शहरात जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे किरकोळ फौजदारी आणि दिवाणी प्रकरणे चालवणारा स्थानिक न्यायाधीश, हे निवडणुकीने भरले जाणारे पद होते. नोव्हेंबर १९५० मध्ये सौंद ते जिंकले, परंतु निवडणुकीच्या दिवशी नागरिकत्वाला वर्ष पूर्ण झालेले नव्हते, या कारणावरून त्यांना पद नाकारले गेले. १९५२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि जिंकले. न्यायालयात येताना लोकांनी फेटे बांधायचे काय, अशा आशयाच्या टवाळीला त्यांनी शांतपणे उत्तर दिले की माणसाच्या डोक्यावर काय आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नसून डोक्यात काय आहे ते आपण पाहतो. १९५३ ते १९५७ या काळात त्यांनी गावातील जुगार आणि वेश्याव्यवसायाच्या अड्ड्यांविरुद्ध कठोर भूमिका घेतली. याच काळात त्यांचा खतांचा व्यवसायही चालू होता आणि इम्पीरियल परगण्यातील डेमोक्रॅटिक पक्षसमितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले होते.

रिव्हरसाइड आणि इम्पीरियल या दोन परगण्यांचा मिळून बनलेला २९ वा मतदारसंघ तोवर डेमोक्रॅटिक पक्षाला कधीच मिळालेला नव्हता. तेथील रिपब्लिकन सदस्य जॉन फिलिप्स निवृत्त होत असल्याने १९५६ मध्ये जागा मोकळी झाली आणि सौंद यांनी उमेदवारी जाहीर केली. अमेरिकेत पक्षाचा उमेदवारही मतदारच निवडतात आणि त्या फेरीला प्राथमिक निवडणूक म्हणतात. तेथील त्यांचे प्रतिस्पर्धी, वकील कार्ल केग्ली, यांनी सौंद यांची पात्रता न्यायालयात आव्हानित केली. राज्यघटनेनुसार प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला किमान सात वर्षांचे नागरिकत्व लागते आणि मतदानाच्या दिवशी, ६ नोव्हेंबर १९५६ रोजी, सौंद यांची सात वर्षे भरण्यास काही आठवडे कमी होते. परंतु सभागृहाची मुदत ३ जानेवारी १९५७ पासून सुरू होणार होती आणि तोवर ती अट पूर्ण होत होती. न्यायालयाने आव्हान फेटाळले आणि सौंद प्राथमिक निवडणूक जिंकले.

मुख्य लढतीत त्यांच्यासमोर जॅकलीन कॉक्रन होत्या. १९५३ मध्ये ध्वनीपेक्षा अधिक वेगाने विमान चालवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची जगभर ख्याती होती, पती फ्लॉइड ऑडलम हे बडे भांडवलदार होते आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याशी त्यांची मैत्री होती. कॉक्रन स्वतःचे विमान चालवत मतदारसंघात फिरल्या. सौंद, मेरियन आणि त्यांच्या कुटुंबीयांनी घरोघर जाऊन प्रचार केला आणि ज्यांची नावे मतदारयादीत नव्हती अशांची नोंदणी करून घेण्यावर भर दिला. आयझेनहॉवर यांनी त्या वर्षी कॅलिफोर्नियासह देशभर मोठा विजय मिळवला. तरीही त्याच मतदारांनी काँग्रेससाठी सौंद यांना तीन हजारांहून थोड्या अधिक मतांनी निवडून दिले. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी परकीय जमीन कायदा रद्द करण्याचा प्रस्तावही संमत केला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा १९५२ मध्येच घटनाबाह्य ठरवला होता. ज्या कायद्याने सौंद यांना खंडाचा कागदही करू दिला नव्हता, तो कायदेपुस्तकातून पुसला जाण्याचा आणि ते काँग्रेसमध्ये निवडून जाण्याचा दिवस एकच ठरला.

प्रतिनिधिगृहातील सहा वर्षे

नवख्या सदस्याला क्वचितच मिळणारे परराष्ट्र व्यवहार समितीचे स्थान सौंद यांना पहिल्याच कार्यकाळात मिळाले. १९५७ च्या नागरी हक्क कायद्याला, जो कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या संरक्षणासाठी केलेला होता, त्यांनी पाठिंबा दिला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत प्रवेश मिळवून देण्यासाठी लष्कर पाठवावे लागले आणि त्यानंतर लवकरच सौंद आशियाच्या दौऱ्यावर निघाले. जपानपासून भारतापर्यंतच्या या दौऱ्यात त्यांना वंशभेदावरील प्रश्नांना तोंड द्यावे लागले आणि आपल्या स्वतःच्या निवडीचा दाखला देऊन त्यांनी अमेरिकी लोकशाहीची बाजू मांडली. ३७ वर्षांनी ते छज्जलवड्डीलाही गेले.

शीतयुद्धात सोव्हिएत प्रचाराला उत्तर म्हणून अमेरिकी सरकारने सौंद यांच्या यशाचा उपयोग करून घेतला, हे अभ्यासकांनी योग्यच दाखवून दिले आहे. एका भारतीयाचा विजय म्हणजे वंशभेदाचा अंत, असा त्यातून निघणारा अर्थ वस्तुस्थितीला धरून नव्हता. ज्या १०० जणांच्या मर्यादेने भारतीयांची वाट अडवली होती, ती तेव्हाही कायम होती. तरी सौंद यांनी या भूमिकेपुरते स्वतःला मर्यादित ठेवले नाही. परदेशी मदत सत्ताधाऱ्यांच्या हाती शस्त्ररूपाने पोहोचण्यापेक्षा सामान्य माणसाच्या आर्थिक उन्नतीसाठी पोहोचावी, असा त्यांचा आग्रह होता. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी विकासकर्जांसाठी सरकारी तिजोरीतून पाच वर्षे कर्ज उचलण्याचा अधिकार मागितला, तेव्हा तो एका वर्षापुरता मर्यादित करणारी सूचना सौंद यांनी मांडली आणि प्रतिनिधिगृहाने ती स्वीकारली. मदतीचा पुरस्कर्ता आणि राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचा सदस्य असूनही खर्चावरील वार्षिक संसदीय नियंत्रण सोडायला ते तयार नव्हते, यावरून त्यांची संसदीय निष्ठा कळते.

१९५८ मध्ये त्यांना साठ टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि १९६० मध्ये ते तिसऱ्यांदा निवडून आले. त्याच वर्षी ‘काँग्रेसमन फ्रॉम इंडिया’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रकाशित झाले. मे १९६२ मध्ये वॉशिंग्टनला जाणाऱ्या विमानात त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा व हालचाल दोन्हींवर त्याचा गंभीर परिणाम झाला. त्या वर्षीची निवडणूक त्यांनी रुग्णशय्येवरूनच लढवली आणि त्यांचा पराभव झाला. २२ एप्रिल १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

वारशाचे मोजमाप

सौंद यांच्यानंतर प्रतिनिधिगृहात भारतीय वंशाचा सदस्य दिसण्यास चार दशकांहून अधिक काळ जावा लागला. लुइझियानाचे बॉबी जिंदल २००४ मध्ये निवडून आले आणि कॅलिफोर्नियाचे अमी बेरा २०१२ मध्ये. २०२२ मध्ये मिशिगनमधून निवडून आलेले, बेळगावात मराठी घरात वाढलेले श्री ठाणेदार याच परंपरेत येतात. या दीर्घ खंडाचे कारण लोकसंख्येत आहे. वर्षाला १०० जणांची मर्यादा १९६५ च्या कायद्याने उठेपर्यंत अमेरिकेत भारतीय समाजच वाढू शकला नाही आणि त्या नव्या कायद्याच्या पुरस्कर्त्यांतही इमॅन्युएल सेलर हेच अग्रभागी होते. १९७९ मध्ये रसायनशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी गेलेल्या ठाणेदार यांच्यासारख्यांना नागरिकत्वाचे दार उघडे सापडले, ते १९४६ आणि १९६५ च्या कायद्यांमुळे.

टेमेक्युला येथील टपाल कार्यालयाला सौंद यांचे नाव देणारा कायदा २००५ मध्ये झाला आणि २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत त्यांचे तैलचित्र लावले गेले. या सन्मानांत त्यांच्या कर्तृत्वाची कथा एकट्या जिद्दी माणसाच्या यशाची कथा म्हणून सांगण्याचा मोह असतो, पण घटनांचा क्रम वेगळे सांगतो. गणितातली डॉक्टरेट, शेतातली सचोटी आणि व्यासपीठावरचे वक्तृत्व हे सारे १९४६ च्या आधीही त्यांच्याकडे होते आणि तरीही त्यांना गावच्या न्यायाधीशाची निवडणूकसुद्धा लढवता आली नसती. बदल घडला तो मतपेटीबाहेर ठेवलेल्या मूठभर लोकांनी संस्था काढल्या, वर्गण्या गोळा केल्या, दोन्ही पक्षांतील मित्र जोडले आणि कायदा पालटून घेतला म्हणून. सौंद यांचे मोठेपण असे की ते त्या सामूहिक कामात होते आणि हक्क मिळताच त्यांनी तो वापरण्यास एक वर्षही वाया घालवले नाही. ज्या समाजांपुढे आज नागरिकत्वाचे दार अर्धवट उघडे आहे, त्यांनी त्यांच्या चरित्रातून संघटनेचा हा अध्याय सर्वांत आधी वाचावा. प्रतिनिधिगृहातील सहा वर्षे त्या अध्यायाचे फळ होती आणि ज्यांना मत नव्हते अशांनी मिळवलेला हक्क पुढच्या पिढ्यांच्या मतांतून आजही अमेरिकेच्या संसदेत प्रतिनिधी पाठवत आहे.